कुवारबावच्या अलीकडे थांबणारं गाणं

माझी मुलगी आर्वी सोळा महिन्यांची आहे. तिच्या दोन्ही कानांना मशीन आहे. दर बुधवारी आम्ही रत्नागिरीला लहान मुलांच्या तपासणी केंद्रात जातो. तिथे बाहेर एक लाकडी बाक आहे. नवीन आई आली की ती त्या बाकावर बसून रडत असते, आणि कान तपासणाऱ्या मॅडम आत दुसऱ्या मुलाबरोबर असतात. त्यांना लगेच बाहेर येता येत नाही. मागच्या महिन्यात त्या मला म्हणाल्या, "तू कॉलेजला जातेस ना, मग तुझं सगळं लिहून दे. त्या बाकावर ठेवू."

मी टीवायबीएला आहे. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलं नव्हतं, म्हणून घरात कुठलाही कागद आला की तो माझ्या हातात येतो. मला लिहिता येईल असं लोकांना वाटतं. मला तितकी खात्री नाही. परीक्षेच्या उत्तरांशिवाय मी कधी लांबलचक काही लिहिलेलं नाही. कुठे चुकलं तर समजून घ्या.

आजाराचं शास्त्र तुम्हाला डॉक्टर सांगतील. मी फक्त आमच्याकडे काय झालं ते सांगते. त्यात माझी एक मोठी चूक आहे. तीही सांगते, कारण ती तुमच्याही हातून होऊ शकते.

पेटीतले दिवस

पहिलं बाळंतपण म्हणून मी माहेरी आले होते. माहेर पालीपासून चालत अर्ध्या तासावर. माझे मिस्टर संदेश मुंबईला बेकरीत कामाला आहेत आणि सासर पावसला. दिवाळी संपून थोडेच दिवस झाले होते. आठवा महिना नुकताच लागला होता आणि आर्वी जन्माला आली.

पहिल्यांदा तिला पाहिलं तेव्हा मला तिची भीती वाटली. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. ती काचेच्या पेटीत होती, नाकात नळी, डोळ्यांवर पट्टी, वरून निळा उजेड. कावीळ खूप वाढली होती आणि रक्तात जंतूही झाले होते. माझं मूल आहे असं वाटण्याआधी मला वाटलं, हे माझ्याच्याने होणार नाही.

आठवड्याने सिस्टर म्हणाल्या, तिला छातीशी घेऊन बसायचं, उघड्या अंगाला अंग लावून. रोज सकाळी दोन तास, दुपारी दोन तास. "आणि बोल तिच्याशी. गा काहीतरी. हळू गा, तिला त्रास होईल असं नको."

मला एकही गाणं आठवेना. आईने म्हटलेली अंगाई आठवेना, शाळेतली प्रार्थना आठवेना. भीतीने डोकं रिकामं झालं होतं. अकरावीपासून तीन वर्षं मी पालीहून रत्नागिरीला एसटीने कॉलेजला जात होते. तोंडात आलं ते तेवढंच. पाली, हातखंबा, खेडशी, कुवारबाव, साळवी स्टॉप, रत्नागिरी. कंडक्टर जसं ओढून म्हणतात तसं म्हटलं. मग परत पालीपासून. दोन-तीन दिवसांत त्याला आपोआप एक चाल लागली. हातखंब्याला आवाज वर जायचा, कुवारबावला खाली यायचा.

सिस्टर सलाईन बदलायला आल्या आणि ऐकत उभ्या राहिल्या.

"काय गो, काय म्हणतेस हे?"

"स्टॉप," मी म्हटलं. मला लाज वाटली.

"बरी कंडक्टर मिळाली पोरीला. तिकीट नको मागू हा तिच्याकडे."

तेव्हापासून त्या वॉर्डात माझं नाव कंडक्टर पडलं. दुसऱ्या एका बाळाची आई पेटीपाशी उभी राहून विचारायची, "कंडक्टर, आमची गाडी कुठवर आली?" मी म्हणायची, "खेडशी." त्या दिवसांत आम्ही ज्या काही वेळा हसलो त्या अशाच.

मी गुणगुणायला लागले की आर्वीचा श्वास हळू व्हायचा. मशीनवरचा आकडा इकडेतिकडे नाचायचा तो एका जागी यायचा. मला वाटायचं, ती माझा आवाज ओळखते. आपली आई कंडक्टर आहे हे तिला कळलंय.

कागद

एकोणीस दिवसांनी घरी सोडलं. सोडताना तिच्या कानात एक छोटं मऊ बूच घालून तपासणी केली आणि फाईलला कागद लावला. दोन्ही कानांपुढे लिहिलं होतं, पुन्हा तपासावे. सिस्टर म्हणाल्या, महिन्याभराने घेऊन ये, लहान मुलांच्या कानात पाणीबिणी असतं, बऱ्याच वेळा दुसऱ्यांदा ठीक येतं.

घरी आल्यावर बाबांनी विचारलं, "काय लिवलंय त्यात?"

मी म्हटलं, "काही नाही, परत एकदा बघतील."

मी खोटं बोलले नाही. पण मी त्या सिस्टरना विचारायला हवं होतं, की दुसऱ्यांदा ठीक नाही आलं तर? मला प्रश्न सुचला होता. विचारायचा धीर झाला नाही. आपल्याला कळत नाही हे मोठ्या माणसांसमोर दाखवायला मी अजूनही घाबरते. कॉलेजातही तसंच होतं.

महिना झाला तेव्हा थंडी होती, तिचं वजन कमी होतं, आई म्हणाली एवढंसं पोर एसटीत नको. मग बारसं आलं. मग माझी राहिलेली परीक्षा. कागद फाईलमध्ये होता. मी रोज फाईल बघायची, कारण औषधं त्याच फळीवर होती.

बाबांचा ढोल

शिमग्यात आमच्या गावची पालखी घरोघर येते. बाबा पालखीपुढे ढोल वाजवतात. त्यांच्या आधी त्यांचे वडील वाजवायचे. बाबा चौथी शिकलेत आणि बोलतातही कमी. जे काही बोलायचं ते शिमग्यात ढोलावर बोलून घेतात असं आई म्हणते.

पालखी आमच्या अंगणात आली तेव्हा आर्वी चार महिन्यांची होती. पडवीत लाकडी बाकड्यावर दुपटं घालून तिला निजवलं होतं. गर्दीने ती रडायला लागली होती. बाबांनी मुद्दाम तिला जवळ म्हणून ढोल बाकड्याला टेकवला आणि वाजवायला सुरुवात केली.

आर्वी रडायची थांबली. डोळे मोठे केले. बाबा थांबले तर पुन्हा पाय झाडून रडायला लागली. बाबांनी पुन्हा सुरू केलं, पुन्हा गप्प. तीनदा असं झालं. पालखीबरोबर आलेली माणसं बघायला जमली.

"आजाचा ढोल वळखते की रे ही."

"वळखणार नाय तर काय. आजाचंच रगत ना ते."

त्या दिवशी बाबा आमच्या अंगणात इतका वेळ वाजवत राहिले की पुढच्या घरची माणसं बोलवायला आली.

आईने माझ्याकडे बघून म्हटलं, "झाली ना तुझी तपासणी? आता कशाला हवं रत्नागिरीला जायला?"

मला इतकं हलकं वाटलं की काय सांगू. रात्री झोपण्याआधी मी तो कागद फाईलमधून काढला आणि बारशाच्या फोटोंच्या पाकिटात टाकला. माझी चूक ती हीच.

लस

नऊ महिने पूर्ण झाले तेव्हा लस द्यायला उपकेंद्रात नेलं. ऑगस्ट होता. तिथल्या सिस्टर प्रत्येक आईला ठरलेले प्रश्न विचारत होत्या. बसते का, वस्तू पकडते का.

"हाक मारली की बघते?"

"बघते," मी म्हटलं.

खरं तर ती बघायची. मी दारातून आत आले की मान वळवायची, कारण आमच्या पडवीतल्या फळ्यांवर पाय वाजतात आणि ती त्याच फळ्यांवर बसलेली असायची. समोर येऊन हाक मारली की हसायची. मागून मारली तर नाही. मला ते दिसलं होतं. मी स्वतःला सांगितलं होतं की ती खेळात रमली आहे.

सिस्टर माझ्या खुर्चीमागे गेल्या आणि खुळखुळा वाजवला. आर्वी माझ्या गळ्यातल्या मण्यांशी खेळत राहिली. त्यांनी दुसऱ्या बाजूने वाजवला. मग टाळी वाजवली. रांगेतली बाकीची सगळी मुलं वळून बघायला लागली.

"ढोल ऐकते ती," मी म्हटलं.

सिस्टर पुढे येऊन बसल्या. "ऐकत असेल तर चांगलंच आहे. पण मनाची समजूत नको घालू बाय. तपासून घे."

त्या दिवशी

रत्नागिरीच्या केंद्रात झोपेत कानांची तपासणी करतात. त्यासाठी तिला सकाळपासून जागं ठेवायला सांगितलं होतं. एसटीत ती पेंगायला लागली की बाबा तिच्या तळव्यांना गुदगुल्या करत होते. हातखंबा गेलं, खेडशी गेलं. त्या दिवशी मी स्टॉप म्हटले नाहीत.

तिला औषध दिलं, ती झोपली. कपाळावर आणि कानांमागे वायरी चिकटवल्या. आवाज तिच्या कानात जात होते, आम्हाला काही ऐकू येत नव्हतं. पडद्यावर रेघा येत होत्या. मी त्या रेघांकडे बघत होते आणि मला त्यातलं काही कळत नव्हतं. कागद वाचणारी मी, पण तिथे मी आणि बाबा सारखेच होतो.

झाल्यावर मॅडमनी आम्हाला बसवलं. आता ज्यांच्याकडे आम्ही बुधवारी जातो त्याच मॅडम.

"दोन्ही कानांना बरंच कमी ऐकू येतं तिला."

"बरंच म्हणजे?"

"आत्ता आपण बोलतोय ना, एवढं बोलणं तिला ऐकू येत नाही."

बाबा म्हणाले, "पण माजा ढोल आयकते ती."

मॅडमनी विचारलं, ढोल वाजत होता तेव्हा ती कुठे होती. बाकड्यावर. आणि ढोल? बाकड्याला टेकलेला. मॅडमनी बाबांना टेबलावर तळहात ठेवायला सांगितलं आणि स्वतः टेबलाखालून बोटांनी ठोकलं.

"कळलं?"

बाबांनी मान हलवली.

"तिलाही असंच कळलं. तुमचा ढोल तिच्यापर्यंत पोचला, बाकड्यातून. पाठीला पोचला. कानाला नाही."

बाबा बराच वेळ हात टेबलावर तसाच ठेवून बसले होते. मग त्यांनी तो उचलला आणि आर्वीच्या पाठीवर ठेवला. ती अजून झोपलेली होती.

मला त्या वेळी एकच गोष्ट आठवत होती, पेटीतले दिवस. मी विचारलं, "मग मी गायचे तेव्हा ती शांत व्हायची, ते?"

"छातीशी होती ना? छातीतून पोचलं असेल. तुमचा श्वास, ऊब, तो थरथराट. पोचलं ते पोचलं, ते वाया जात नाही," मॅडम म्हणाल्या. मग थांबून म्हणाल्या, "पण बोलायला शिकायचं तर कानातून पोचायला हवं. आणि त्याला वेळ असते. आपण थोडे उशिरा आलोय. आणखी उशीर नको."

त्यांनी आम्हाला रागावलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

घरात

संदेशना फोनवर सांगितलं. ते म्हणाले, "तू कॉलेजात शिकलेली. तुझ्या हातात कागद होता. तुला कळलं नाय?"

दोन दिवस आम्ही बोललो नाही. सासूबाईंचा फोन आला, आमच्याकडे असं कुणाला नाही म्हणाल्या. आईने तो फोन माझ्या हातातून घेतला आणि म्हणाली, "आमच्याकडे पण नाय हो. पोरीला कावीळ झालेली, ती कुणाकडची नसते."

बाबांनी ढोल गोणपाटात गुंडाळून माळ्यावर टाकला.

गणपतीला संदेश आले. त्याच आठवड्यात आर्वीचं मशीन आलं होतं. मोबाईलवर मी तसले व्हिडिओ बघितले होते, मशीन चालू केल्यावर बाळ हसतं आणि सगळे रडतात. आमच्याकडे उलटं झालं. चालू केल्यावर आर्वी भोकाड पसरून रडली आणि आम्ही सगळे एकमेकांकडे बघत राहिलो. मॅडम म्हणाल्या, साहजिक आहे, नऊ-दहा महिने शांततेत राहून एकदम बाजारात आणून ठेवल्यासारखं आहे.

संदेश मशीनला हात लावायला घाबरायचे. बेकरीच्या भट्टीत हात घालणारा माणूस, पण ते मशीन दोन बोटांत धरताना घाम यायचा. तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः तिच्या कानात बसवलं आणि अगदी जवळ जाऊन म्हणाले, "आर्वी, मी पप्पा. उशीर झाला मला." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "फोनवर बोललो ते मनातून काढून टाक." मी अजून पूर्ण काढलेलं नाही. पण त्यांनी म्हटलं, हे मी लक्षात ठेवलंय.

मशीन ती सारखी उपटून फेकायची. एकदा सकाळभर एक मशीन सापडेना. आई अंगणातून ओरडली, "गो, हिकडं ये, कोंबडी शिट्टी मारते." मशीन चालू राहून कशाखाली दाबलं गेलं की ते बारीक शिट्टी देतं. खुराड्यात, अंड्यांच्या शेजारी, पेंढ्यात पडलं होतं. कोंबडी रागाने आमच्याकडे बघत होती. ज्या आयांना मशीन नुकतं मिळालंय त्यांनी शिट्टी ओळखून ठेवा, फार उपयोगी पडते.

गाणं आणि थांबणं

पहिल्या बुधवारी मॅडमनी विचारलं, "घरात कुणी गातं?"

"नाही."

"वाजवतं?"

बाबा खाली बघायला लागले. मॅडमना आठवलं असणार. त्या म्हणाल्या, "आजोबा, ढोल बाहेर काढा. चूक ढोलाची नव्हती. फक्त आता जमिनीला, बाकड्याला टेकवायचा नाही. गळ्यात अडकवा, लांब उभे राहा आणि दोन बोटांनी वाजवा. वाजला की नात हलणार, थांबला की थांबणार. एवढाच खेळ."

गाण्याने मूल शहाणं होतं असं कुणी सांगितलं तर ते मला माहीत नाही. आमच्यापुरतं मी इतकं बघितलंय. बोलणं फार भरभर निघून जातं, लहान मुलाच्या हाताला लागत नाही. गाणं तेच तेच परत येतं, त्याच जागी वर जातं, त्याच जागी खाली येतं, म्हणून पुढे काय येणार ते मुलाला कळायला लागतं. वाट बघता येते.

मी विचारलं, मोबाईलवर बालगीतं लावून ठेवू का, म्हणजे मला अभ्यासही होईल. मॅडम म्हणाल्या, "नको. मोबाईल तिच्यासाठी थांबत नाही. तू थांबतेस. तुला येतं ते कुठलंही गाणं म्हण, रोज तेच. आणि शेवटच्या शब्दाआधी थांब. मनात दहा मोज. तिच्याकडे बघ. काही नाही आलं तर तूच शब्द म्हण आणि पुढे चल. रागवायचं नाही, रडायचं नाही."

मला येतं ते गाणं एकच होतं. मॅडमना म्हणून दाखवलं तेव्हा त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "कुवार म्हणून थांब. बाव म्हणायला सोपं आहे."

ऑक्टोबरपासून मी रोज कुवारबावच्या अलीकडे थांबायला लागले. पाली, हातखंबा, खेडशी, कुवार... आणि दहा आकडे. भांडी घासताना, तिचे कपडे बदलताना, तिला भरवताना. दहा आकडे किती लांब असतात ते मला तेव्हा कळलं. आर्वी माझ्याकडे बघायची, किंवा कावळ्याकडे. मग मी म्हणायची, बाव. साळवी स्टॉप. रत्नागिरी.

बाबांचं काम त्याआधी सुरू झालं होतं. आर्वी आईच्या मांडीवर, बाबा अंगणात चिऱ्यावर. उंबऱ्यापासून पावलं मोजून उभे राहायचे. पहिल्या आठवड्यात तीन पावलं. ढोल थांबला की आर्वी थांबायची. बाबांचा मात्र विश्वास बसायचा नाही. "मला बगून थांबली ती," असं म्हणून पाठमोरे उभे राहायचे. नंतर तुळशीमागे उभे राहायला लागले. नाताळच्या सुट्टीपर्यंत ते फणसाच्या झाडापर्यंत पोचले होते. एकदा तिकडूनच आईला ओरडून विचारलं, "मांडी हलवलीस काय गो तू?"

"नाय हलवली. मगासपासून मुंग्या आल्यात पायाला."

आर्वीला नवीन सवय लागली. आवाज आला की ती बोट कानाकडे न्यायची. कुकरची शिट्टी, कोंबडा, गाडीचा हॉर्न. माझ्या गाण्यालाही बोट न्यायची. पण कुवारनंतर तिच्याकडून काही यायचं नाही. जानेवारी गेला. केंद्रात तिच्याबरोबरचा एक मुलगा मामा म्हणायला लागला. मी त्याच्या आईला हसून छान म्हटलं, आणि परतीच्या एसटीत खिडकीकडे तोंड करून बसले. नऊ महिने उशीर. त्यातले किती माझे, हे मी मोजत राहायची. त्या दिवशी मी तिच्यासाठी गाणं म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशी म्हटलं.

शिमग्याच्या आदल्या दिवशी

या वर्षी बाबा पालखीपुढे वाजवणार की नाही हे कुणालाच माहीत नव्हतं. गावातून दोनदा विचारून गेले. बाबा म्हणाले, बघू.

आदल्या दिवशी दुपारी ते पडवीच्या कठड्यावर बसून ढोलाच्या दोऱ्या आवळत होते. आर्वी त्यांच्या मांडीवर, अंगणाकडे तोंड करून. मी मागे दाराशी तांदूळ निवडत होते. तिच्या मशीनची बॅटरी सकाळीच बदलली होती. तांदूळ निवडताना तोंडात आपोआप आलं तसं मी म्हणत होते. पाली, हातखंबा, खेडशी, कुवार... सवयीने थांबले. मनात मोजायलाही विसरले. तांदळात एक खडा दिसला, तो काढत होते.

"बाव."

मी खडा हातात धरून तशीच बसले.

बाबांचे हात दोऱ्यांवर थांबले होते. त्यांनी मागे वळून बघितलं नाही. हळूच म्हणाले, "मी काय बोललो नाय हा."

"माहीत आहे."

त्यांनी खाली बघितलं. आर्वीचे पाय लटकत होते, कशाला टेकलेले नव्हते. ढोल बाजूला गोणपाटावर होता. बाबांनी आपले दोन्ही हात तिच्या अंगापासून लांब, वर केले.

"आता म्हण परत. हळू म्हण. आत जाऊन म्हण."

मी उठून आत गेले. स्वयंपाकघराच्या दारापलीकडे, तिला दिसणार नाही अशी उभी राहिले. पाली. हातखंबा. खेडशी. कुवार.

या वेळी मी मोजलं. एक, दोन, तीन. आई मोरीतून बाहेर आली, तिला काही कळेना, मी तिला हाताने थांबवलं. पाच. सहा.

"बाव," पडवीतून आलं.

आई खाली बसली. मला पुढचा स्टॉप आठवेना. वर्षानुवर्षं म्हणत आलेली मी, मला साळवी स्टॉप आठवेना.

मग बाहेरून बाबांचा आवाज आला. ते गात नाहीत, त्यांनी नुसतं मोठ्याने म्हटलं, "कंडक्टर, गाडी कशाला थांबवलीस? पोर वाट बगते."